शेपट्या वर, मुलं सुखी

एका जंगलात सगळं काही होतं. नदी होती, बोरी होत्या, ऊन पडायला माळ होता. आणि शाळासुद्धा होती. बाळांनो, नाक मुरडू नका. जंगलात राहिलं म्हणून काही शाळा चुकत नाही.

शाळेचे मुख्याध्यापक होते पिसारेसर. सर म्हणजे मोर. दिसायला फार देखणे. आवाज जरा कर्कश होता, पण ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शाळेत चितळांची पाडसं शिकायची. त्यांच्या आया नदीपलीकडे चरायला जात आणि अंधार पडता पडता परत येत. शाळा सुटल्यावर पाडसं झुडपाआड एकटी थरथरत बसायची. जवळच कोल्हेकुई सुरू व्हायची.

ते पाहून सोंडेमावशी नावाच्या म्हाताऱ्या हत्तिणीनं त्यांना वडाखाली आपल्याजवळ बोलावलं. शाळेनं त्याला लगेच नाव दिलं, 'सायंकालीन विस्तारित छत्रछाया उपक्रम'. पाडसं म्हणायची, "मावशीकडं चाललो."

सगळ्यांत लहान होती ठिपकी. ती मावशीच्या पायाला टेकायची की लगेच झोपायची.

एके दिवशी दरबारातून हुकूम आला. शाळेतली मुलं सुखी आहेत का? शाळेनंतरच्या उपक्रमांनी त्यांचं सुख वाढलं का? मोजून ठेवा. साहेब तपासायला येतील.

"सुख मोजायचं कसं, सर?" टिटवीबाईंनी विचारलं. त्या सरांच्या हाताखालच्या बाई, कायम घाईत.

"त्यात काय आहे? मला आनंद झाला की काय होतं?"

"पिसारा वर होतो, सर."

"झालं तर! शेपटी वर, मूल सुखी. शेपटी खाली, मूल दुःखी."

"सर, मुलांनाच विचारलं तर?"

"बाई, मुलांच्या सुखातलं मुलांना काय कळतं?"

आधी सरांनी स्वतःचा उपक्रम तपासला. शाळा सुटल्यावर ते मुलांना उत्साहवर्धक भाषण देत. माळावर माश्या फार. भाषणभर पाडसांच्या शेपट्या फटाफट उडत राहिल्या.

"पाहिलंत? सुख नुसतं उसळतंय!" सर म्हणाले.

मग दोघं वडाखाली गेले. तिथं सगळी पाडसं झोपलेली. शेपट्या ओल्या सुतळीसारख्या लोंबत होत्या.

"अरेरे! केवढी ही उदासी!"

"अहो सर, झोपलीत ती," मावशी म्हणाली.

"दुःखानं झोपलीत, मावशी. आनंदी मूल असं गप्प पडून राहतं का? उद्या साहेब बघतील आणि हे बंद होईल."

ते गेल्यावर ठिपकीनं डोळे उघडले. "मावशी, मग मी कुठं बसू? त्या झुडपाआड?"

मावशीनं तिच्या पाठीवरून सोंड फिरवली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. साहेब म्हणजे बिबट्या.

ते वर्गात शिरले मात्र, सगळ्या शेपट्या ताठ उभ्या! एक दुसऱ्याच्या आड दडत होतं, एकाला पाढाच आठवेना.

"वा! वा! साहेबांचा पायगुण!" सर थुईथुई नाचले.

"मुलं चांगली गुटगुटीत आहेत," साहेब मिशांवरून जीभ फिरवत म्हणाले. "मला तर फारच आवडली."

ठिपकीनं मान वळवून स्वतःच्या शेपटीकडे पाहिलं. ताठ! मग सरांच्या खुललेल्या तोंडाकडे पाहिलं. मधली सुट्टी होताच ती वडाकडे पळाली आणि मावशीच्या सुपाएवढ्या कानात काहीतरी पुटपुटली.

"अगं, पण तुम्ही दचकाल की!"

"दचकू की. एकदा दचकू आणि परत झोपू."

संध्याकाळी सर, बाई आणि साहेब वडाखाली आले. पाडसं गाढ झोपलेली. सरांनी दुःखी चेहरा करून शेपट्यांकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात मावशीनं सोंडभर धूळ ओढली आणि शिंकली.

अशी शिंकली, की वडाची पानं झडली. टिटवीबाई किंचाळल्या. झाडून सगळ्या शेपट्या वर! आणि साहेब? साहेब एका उडीत वडाच्या फांदीवर. त्यांची शेपटी तर बाटली धुवायच्या ब्रशासारखी फुललेली.

"अहो बाई, बघा! साहेबसुद्धा सुखी झाले!" सर ओरडले.

आता साहेबांनी काय सांगावं, की मी घाबरलो?

"हो तर," ते वरूनच म्हणाले. "फारच सुखी झालो. उपक्रम चालू ठेवा. पुन्हा तपासायची गरज नाही. तेवढं त्या हत्तीणबाईंना जरा लांब उभं राहायला सांगा. मला उतरायचंय."

अंधार पडता पडता ठिपकीची आई आली. ठिपकी मावशीच्या पायाशी शेपटी खाली टाकून अगदी दुःखी पडली होती. झोपेत मधूनच हसत होती.

तात्पर्य: मुलं खरोखर सुखी असतील, तर तपासणीच्या वेळी त्यांना चांगलं दचकवावं. नाहीतर त्यांचं सुख बंद करण्यात येतं.