वरच्या फळीवरचे उंदीर

"आजारी पडायला काय घेतील हे?"

पिंजऱ्यांच्या रॅकपलीकडून डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. त्यांना वाटलं, कुणी ऐकलं नाही. अहो, अलीकडच्या बाजूला मीच बाटल्या भरत उभी होते!

असा राग आला म्हणून सांगू! माझे उंदीर ठणठणीत आहेत, ही तक्रार? एकोणीस वर्षं मी या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळतेय. शाळा नववीत सुटली, पण उंदराचं कुठे दुखतंय ते मी त्याच्या पाठीच्या केसांवरून सांगते.

प्रयोग साधा होता. सगळ्या उंदरांना एक सुई टोचायची. तिने मूत्रपिंडातल्या बारीक नळ्या दोन दिवसांत खराब होतात. निम्म्यांना त्याआधी बाईंचं नवं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. मागच्या वर्षी औषधवाले तगले, बिनऔषधवाले आडवे झाले. काय ते कौतुक! प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी तर भाषण ठोकलं. आता तसंच आणखी एकदा झालं, की बाईंची तीन वर्षांची मेहनत माणसांच्या दवाखान्याकडे निघणार होती.

आणि या खेपेला सगळेच टुणटुणीत!

साहेबांनी चौकशी मांडली. आधी सुईतलं विष शिळं ठरलं, मग रक्त तपासायचं मशीन आंधळं ठरलं, मग खोलीची हवासुद्धा बदनाम झाली. एका गोष्टीवर, त्या नव्या औषधावर, मात्र कुणी बोट ठेवेना. आणि मोकळं राहिलेलं ते बोट फिरत फिरत आलं कुणावर? माझ्यावर! पिंजरे धुताना मी म्हणे त्यांच्यावरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

मी? घरात नवऱ्याच्या आणि सासूबाईंच्या गोळ्या डोळे मिटून वेगळ्या काढणारी मी?

"साहेब," मी म्हटलं, "अदलाबदल झाली तरी निम्मे आजारी पडायला हवेत ना? एवढं तर नववीपर्यंत शिकवतात."

साहेब घसा खाकरून म्हणाले, रोज काय करता ते करून दाखवा. दाखवलं. भुसा बदलला, बाटल्या भरल्या. मग खाण्याच्या गोळ्या भरपूर पाण्यात भिजवून मऊ लगदा केला आणि पिंजऱ्यापिंजऱ्यात बशी ठेवत गेले. सुई टोचलेला उंदीर मरगळतो, मान वर करून बाटलीपर्यंत जात नाही. तापलेल्या पोराच्या तोंडाशी आपण नाही का पेला नेत?

बाईंचा चेहरा उतरला. "मावशी, हे कधीपासून?"

"पहिल्यापासून. हात पोचेल त्यांना."

"मागच्या वर्षी?"

"तेव्हा खालच्या फळीलाच. वरची बाटली मी टाचा उंचावून बदलायची, पण बशी ठेवायची तर पिंजरा खाली काढावा लागतो. स्टुलासाठी सात अर्ज केले होते. आत्ता कुठे मिळालं." मी स्टूल पुढे ओढून दाखवलं. मंजुरीची सही साहेबांचीच होती.

"वरच्या फळीवर कोण असतात, मावशी?"

"दोन्ही खेपांना बिनऔषधवालेच की."

उंदीर बशा चाटत होते. साहेब छताकडे बघायला लागले. माझा राग कुठल्या कुठे गेला. ही पोर माझ्या लेकीच्या वयाची, तीन वर्षं डबासुद्धा इथेच उंदरांशेजारी उभ्याने खाल्लाय तिने. मी हळूच म्हटलं, हवं तर स्टूल परत पाठवते.

बाई त्याच स्टुलावर मटकन बसल्या.

"राहू द्या, मावशी." मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "सर, आपलं औषध काहीच करत नाही. पोटात भरपूर पाणी गेलं की विष मूत्रपिंडातून धुऊन निघतं. जे केलं ते यांच्या बशीने केलं."