निशाण पाण्यांत, मुक्काम कायम

श्रीगजानन प्रसन्न, कुलस्वामिनी जागी, जलदेवता तूर्त शांत. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, माघी पौर्णिमेचे सुमारास राज्याची स्वारी सुटीकरितां बेटावर गेली, तेथें किनारा कैसा नेमला आणि पुढें काय घडलें, ती हकीकत ऐसी जे:

राज्य घाटमाथ्यापलीकडील, काळ्या मातीचें. तेथें विहिरी आहेत, तळीं आहेत, परंतु समुद्र कोणी पाहिला नव्हता. चित्रांत पाहिला तो गणतींत नाही. राज्यांत केसोपंत मुक्कामनीस म्हणोन थोर पुरुष. स्वारीचा तळ कोठें पडावा हें ठरविणें पंतांचें पिढीजात काम. आणि रिवाज ऐसा कीं पंतांनीं निशाण एकदां रोविलें म्हणजे मुक्काम संपेतों उपटूं नये; उपटलें तर माघार जाहली, आणि माघार या घराण्यांत कोणी घेतली नाही. म्हणोन पंत जागा निवडीत ती डोळ्यांत तेल घालून निवडीत, आणि निवडल्यावर कोणाच्या बापाचें ऐकत नसत.

या खेपेची खटपट सारी मथुराबाई आऊसाहेबांकरितां. आऊसाहेब म्हणजे महाराजांच्या मातोश्री, वय ऐंशीपार, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. त्यांस लहानपणापासोन एकच हौस, समुद्रांत पाय भिजवावे. आधीं सासुरवास, मग राज्याचा पसारा, मग नातवंडें, ऐसें होतां होतां राहोन गेलें. वैद्य म्हणाले, इतका लांबचा प्रवास यापुढें नको. तेव्हां महाराज पंतांस बोलावून म्हणाले, "केसोपंत, बाकीच्यांचं काय व्हायचं ते होवो. आईचे पाय भिजले पाहिजेत." पंत बोलिले, "महाराज, समुद्र म्हणजे मोठं तळंच की! काळजी नसावी."

मग स्वारी विमानांत बसली, बेटावर उतरली, नारळपाणी प्राशन केलें, आणि पंत किनारे पाहावयास निघाले. पहिला किनारा पाहिला, वाळू तांदळाच्या पिठासारखी, पाणी निळेंशार, परंतु उतरावयास खडकांतील उभ्या पायऱ्या, त्या पाहून आऊसाहेब म्हणाल्या, "हे आधी माझ्या गुडघ्यांना विचारा." मग दुसरा पाहिला, तो युवराजांचे मनांत फार भरला, कारण लाटा पुरुषभर उंच आणि फळीवर उभें राहोन त्यांवरून घसरावयाची सोय, परंतु तेथें पाय भिजवावयास गेलेलें माणूस परत येईल याची हमी कोणी देईना. मग तिसरा पाहिला, तो राणीसाहेबांनीं पसंत केला, कीं सूर्यास्त उत्तम आणि फोटो झकास येतील. परंतु तेथें दुसऱ्या राज्यांच्या स्वाऱ्या आधींच उतरलेल्या, कर्णे लावून गाणीं चालू, आणि माणसांपुढें वाळू दिसेना. युवराज कंटाळून म्हणाले, "आजीला खुर्चीसकट उचलू आणि पाण्यात नेऊन ठेवू. हाय काय अन् नाय काय!" आऊसाहेब कडाडल्या, "मी काय विसर्जनाचा गणपती आहे? भिजवीन तर आपल्या पायांवर उभी राहून. नाहीतर राहू दे." ऐसें म्हणोन तोंड फिरविलें. पंतांस त्या रात्रीं अन्न गोड लागलें नाही.

दुसरे दिवशीं पहांटेस पंत चौथ्या किनाऱ्यावर गेले आणि जागींच हरखले. केवढें तें मैदान! ना पायरी, ना खडक. रस्ता संपला कीं वाळू, आणि समुद्र आपला दूर, अदबीनें उभा. पंतांनीं पाय आपटून पाहिला, जमीन घट्ट. वर ओलसर. पंत म्हणाले, "बघा, बेटावरची रयत किती भली! आपण येणार म्हणून सडा घालून ठेवलाय." एक नारळवाला माडाखालीं बसोन हसत होता, परंतु त्यास कोणी पुसलें नाही. मग पंतांनीं मैदानाचे मधोमध निशाण रोविलें, ताशा वाजला, शामियाना उभा राहिला, गालिचे पडले, चुली पेटल्या, आणि पंतांनीं मिशीवर ताव दिला.

आऊसाहेब काठी टेकीत निघाल्या. निशाणापर्यंत आल्या आणि गुडघे पुढें चालेनात. खुर्ची मांडली, बसल्या. पाणी तर अजून कोसभर दूर वाटावें ऐसें. आऊसाहेब हळूच म्हणाल्या, "इथून दिसतोय ना, तेवढं पुरे." पंतांनीं वारा मोजला, सावली मोजली, जमीन ठोकून पाहिली, आणि म्हातारीचे गुडघे तेवढे विसरले! परंतु निशाण रोविलें होतें. आतां करतात काय?

मग दुपारचीं पानें वाढलीं, वरणभातावर तूप पडलें, तों राणीसाहेब किंचाळल्या, "अगबाई, गालिचा ओला कसा?" पाहतात तों समुद्र दारांत! पंत गरजले, "बांध घाला!" शेतांत घालतात तैसा वाळूचा बांध घातला, एका लाटेंत गेला. दुसरा घातला, तोही गेला. चुली विझल्या, पापड तरंगत निघाले, त्यांमागें युवराजांच्या चपला निघाल्या. राणीसाहेब ओरडल्या, "पंत, उपटा ते निशाण आणि चला!" पंतांचा हात काठीपर्यंत गेला, परंतु उपटवेना, घामाघूम होवोन महाराजांकडे पाहूं लागले. महाराज आऊसाहेबांस उचलावयास धांवले.

"हात लावाल तर खबरदार!" आऊसाहेब म्हणाल्या. आणि निशाणाची काठी दोहों हातांनीं धरिली, आणि उठल्या, आणि उभ्या राहिल्या. पाणी घोट्यास लागलें, मग पोटऱ्यांस, मग गुडघ्यांस. नारळवाला वरून ओरडला, "घाबरू नका, तिथं गुडघ्यावर चढत नाही!" लुगडें भिजोन चिंब, आणि आऊसाहेब लहान पोरीसारख्या हसताहेत. "आला रे, आला! मला जाववेना म्हणून आपणच आला!" महाराज पाण्यांत उभे राहोन रडले, आणि तें कोणापासोन लपविलें नाही. मग युवराज आले, राणीसाहेब आल्या, फोटो त्यांनीं एकही काढिला नाही.

पाणी उतरल्यावर आऊसाहेबांनीं पंतांस जवळ बोलाविलें. म्हणाल्या, "केसोपंत, खरं सांगा. तो येणार हे तुम्हाला ठाऊक होतं?" सारी स्वारी ऐकत होती. होय म्हटलें असतें तर मानाचीं वस्त्रें, खिलत मिळती. पंतांनीं मान खालीं घातली. "नाही, आऊसाहेब. फजितीच झाली माझी."

"बरं झालं," आऊसाहेब म्हणाल्या. "ठाऊक असतं तर मला इथे बसू दिलं नसतंत."

येणेंप्रमाणें बेटावरील मुक्काम सुखरूप पार पडला. तंबू भिजले, माघार जाहली नाही. पुढें रोज आऊसाहेब भरतीची वेळ पुसोन निशाणापाशीं जाऊन बसत. ही हकीकत डोळां देखिली तैसी लिहिली. शाई जेथें फुटली आहे तेथें खारें पाणी लागलें ऐसें समजावें.