सिंकखालचा चाहता

"गाणं आवडतं का तुम्हाला?"

दार जेमतेम वीतभर उघडून गायिकेच्या धाकट्या बहिणीने विचारलं. प्लंबरच्या एका हातात पाना होता, दुसऱ्या हातात अवजारांची पिशवी आणि छातीत नुसता ढोल वाजत होता. बावीस वर्षं ज्या घराच्या त्याने फक्त खिडक्या बघितल्या, त्या घराने आज स्वतःहून बोलावलं होतं. का, तर सिंकखालचा पाइप गळतोय.

"आवडतं की!" असं तो म्हणणार, तेवढ्यात बहीणच पुढे बोलली, "आवडत असेल तर इथूनच मागे फिरायचं. गेल्या वर्षी रंगारी आला होता, म्हणे मोठा चाहता. जाताना बाईंची डावी चप्पल घेऊन गेला. नुसती डावी! इलेक्ट्रिशियनने उडालेला बल्ब आठवण म्हणून नेला आणि नवा बसवायचाच विसरला."

"छे हो! गाणं म्हटलं की माझं डोकंच उठतं," प्लंबर म्हणाला. सख्ख्या आईला भर रस्त्यात ओळख न दाखवल्यासारखं त्याला वाटलं. बाईंनी कुठल्या गाण्यात कुठे श्वास घेतला, कुठल्या कार्यक्रमात दुसऱ्या कडव्याला त्यांना ठसका लागला, सगळं त्याच्या जिभेवर होतं. एकशे चाळीस कॅसेटी घरात ठेवायच्या म्हणून त्याच्या बायकोचे कपडे कपाटातून खुंटीवर आले होते. सकाळी निघताना तिने बजावलंही होतं, "अहो, मुकाट्याने काम करून या. सही मागू नका, रडू नका आणि मुख्य म्हणजे गाऊ नका."

तो सिंकखाली शिरला. वॉशर पार कुजला होता. त्याने नवा घातला, गळती तपासायला कॉक थोडा उघडला आणि सांधा एका हाताने दाबून दुसऱ्या हाताने पाना फिरवायला घेतला. तोच शेजारच्या खोलीत आवाज लागला. कॅसेटीतला नव्हे, खराखुरा, भिंतीपलीकडचा!

"उंबऱ्याशी थांबले ऊन..."

प्लंबरचे डोळे भरून आले. पण गाणं तिथेच थांबलं. बाईंनी पुन्हा तीच ओळ घेतली आणि पुन्हा तिथेच थांबल्या. तिसऱ्यांदाही तेच. आता या ओळीनंतर अर्धा श्वास आणि मग दुसरी ओळ, हे प्लंबरला आपल्या पत्त्यापेक्षा पक्कं पाठ होतं. शिंक अडकल्यावर माणसाचं व्हावं तसं त्याचं व्हायला लागलं. चौथ्यांदा बाई थांबल्या आणि त्याला राहवलं नाही.

"घ्या ना त्याला बोलावून!" तो सिंकखालून सुरात ओरडला आणि सवयीने दोन्ही हात वर नेऊन समेवर टाळी दिली.

सांधा सुटला. पाण्याचा फवारा थेट छताला भिडला. बहीण धावत आली, पाण्याकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. "अगं, घरात चाहता शिरलाय!" चोर शिरल्याच्या सुरात ती किंचाळली. प्लंबरने कॉक बंद केला आणि नखशिखांत भिजून उभा राहिला. बावीस वर्षांची भक्ती आणि वीस मिनिटांत हकालपट्टी!

"जातो मी. चप्पल वगैरे काही घेतली नाही," तो म्हणाला.

"थांबा." बाई दारात उभ्या होत्या. "दुसरं कडवं येतं?"

त्याने ते म्हणून दाखवलं. तिसरंही म्हटलं.

बाई ओल्या स्टुलावर तशाच बसल्या. "दोन वर्षं लोकांना सांगते, गळा बसलाय. गळ्याला काही झालेलं नाही हो. गळा शाबूत आहे, शब्द गळायला लागलेत. शनिवारी कार्यक्रम आहे. ज्यांना माझा शब्द न् शब्द पाठ आहे, त्यांच्यासमोर अडखळले तर पुन्हा उभी राहायची नाही मी."

"समोर कागद ठेवला तर?"

"कागदाकडे बघितलं की सूर हलतो."

शेवटी असं ठरलं, की प्लंबरने रंगमंचाच्या कडेला पडद्याआड बसायचं. बाईंनी कानाला हात लावला, की हळूच पुढचा शब्द द्यायचा. बहिणीने त्याची पिशवी उलटीपालटी करून तपासली आणि मगच होकार दिला.

घरी बायको म्हणाली, "सांगितलेलं मीठ आणायचं लक्षात राहत नाही, अख्खा कार्यक्रम सांभाळणार!" मात्र त्याने आधीच काढलेलं तिसऱ्या रांगेतलं तिकीट वाया जायला नको, म्हणून ती स्वतः येऊन बसली.

शनिवारी सभागृह खचाखच भरलं होतं. पहिली चार गाणी बाईंनी अशी म्हटली, की प्लंबरच्या हातातली गाण्यांची वही कधी खाली पडली ते त्याला कळलं नाही. पाचव्याला 'उंबऱ्याशी थांबले ऊन' सुरू झालं. ओळ संपली. अर्धा श्वास झाला, मग एक झाला, मग दोन. बाईंनी कानाला हात लावला. पुन्हा लावला. शेवटी त्यांनी मान वळवून पडद्याआड बघितलं.

प्लंबर डोळे मिटून, भिंतीला डोकं टेकून घळाघळा रडत होता. दोन फुटांवरून ऐकलेला तो सूर त्याच्या अंगात इतका भिनला होता, की आपल्याला काही काम दिलंय हेच त्याला आठवत नव्हतं.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून खणखणीत बायकी आवाज आला, "घ्या ना त्याला बोलावून! अहो, बावीस वर्षं तेच ऐकतेय मी!"

सभागृहात हशा पिकला. कुणीतरी ती ओळ सुरात धरली, मग पाठीमागच्यांनी, मग नऊशे माणसांनी. बाई आधी बघतच राहिल्या, मग हसल्या, आणि त्यांच्यात आवाज मिसळून त्यांनी अख्खं गाणं पुरं केलं. पुढे आणखी दोनदा शब्द हरवला. दोन्ही वेळा कानाला हात न लावता त्यांनी सरळ समोर हात पसरला, आणि लोकांनी आनंदाने शब्द दिला.

कार्यक्रमानंतर प्लंबर बायकोबरोबर, मान खाली घालून समोर आला. "बाई, चुकलं. मी कामाचा नाही."

"नाहीच आहात. शब्द सांगायची नोकरी गेली तुमची. पुढच्या वेळी बायकोशेजारी बसा," बाई म्हणाल्या. मग त्या त्याच्या बायकोकडे वळल्या. "तुम्ही येणार ना?"

"येईन," ती म्हणाली. "पण आत अंधारात बसून कुजबुजणं मला जमायचं नाही. मी तिथूनच ओरडेन."

"ओरडू नका," बाईंनी तिचा हात हातात घेतला. "गा."