तोरणाखाली अडलेला गोऱ्हा

पोळ्याच्या दिवशी एकोडी गावचा कवडू, सणाला पाहुणे आलेले सासरे उठायच्या आत गोठ्यात शिरला. गोऱ्ह्याच्या पोटाखालून दोन्ही हात घातले, दम धरला, उचललं आणि दारातून बाहेर बिनकुंपणाच्या अंगणात आणून ठेवलं.

"अवो, आज तरी राहू द्या ना!" त्याची बायको रुखमिणी कुजबुजली. "बाबा पाहतीन तं काय म्हनतीन?"

"आज सोडला का उद्या बी सोडू वाटते. नेम म्हंजे नेम."

या नेमाचं मूळ सासऱ्याच्याच तोंडात होतं. आदल्या साली गोमाजींनी लेकीला गाय-वासरू दिलं, आणि भरल्या अंगणात म्हणाले, "गाय पोरीसाठी आनली, वासरू जवायासाठी. दोघायची तब्येत सारखीच हाये!" सारं अंगण खो खो हसलं. कवडूच्या काळजाला ते असं झोंबलं की बस्स. तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या रेडिओवर कोण्या पहिलवानानं सांगितलं, वजन रोज थोडं थोडं वाढवत न्या. कवडूकडे तर रोज थोडं थोडं आपोआप वाढणारं वजन दावणीलाच बांधलेलं! सकाळी उचलून बाहेर, सांजेला उचलून आत. अंगात ताप असला तरी, धानाच्या रोवणीनं कंबर मोडली असली तरी. हे सारं कशासाठी? तर सासऱ्याच्या तोंडून एकदा 'वा जवाई!' ऐकायला मिळावं म्हणून. दुसरं काही नको होतं बिचाऱ्याला.

दुपारी मारुतीच्या देवळापुढे दोन बांबूंवर आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. पहिला मान भोजराज पाटलाच्या जोडीचा. तिच्यामागे आपलाच गोऱ्हा पाहिजे, असा हट्ट गोमाजींनी धरला. "माह्या घरचं रक्त हाये, पाटील!" पाहुण्याचा शब्द मोडायचा कसा? डफडं वाजू लागलं, पाटलाची जोडी ऐटीत तोरणाखालून गेली, आणि गोऱ्हा तोरणापाशी येऊन थांबला.

"काहून अडला जी हा?" पाटलांनी वळून विचारलं.

गोमाजींनी दावं ओढलं. कोणी शेपूट पिळली, कोणी सरकीची ढेप दाखवली. गोऱ्हा ढिम्म. त्यानं फक्त मान वळवून कवडूकडे पाहिलं.

कवडूच्या तेव्हा ध्यानात आलं. दोन्हीकडे दोन खांब आणि वर आडवं काहीतरी, म्हणजे दार! आणि दार आपल्या पायांनी ओलांडायचं असतं, हे त्या जनावराला जन्मात कोणी शिकवलंच नव्हतं.

मागे सगळ्या गावाचे बैल तुंबले. एकानं पुढच्याचं बाशिंग खाल्लं. ज्याचं खाल्लं तो मागे सरकला आणि त्याचा पाय थेट डफड्यात गेला. डफडेवाला बोंबलू लागला. "तोरनाखाली जनावर अडनं चांगलं नोहे बापा," एक म्हातारा पुटपुटला, तसा गोमाजींचा चेहरा पडला.

"कवडू!" पाटील ओरडले. "तुह्या गोऱ्ह्यापायी गावाचा पोळा बुडून राहिला ना! कर काहीतरी!"

उचलावं तर जन्मभर गाव हसणार. न उचलावं तर सासऱ्याची मान खाली. कवडूनं सासऱ्याच्या पडलेल्या तोंडाकडे एकदा पाहिलं, बाह्या वर सारल्या, झुलीखाली हात घातले आणि गोऱ्ह्याला उचललं.

हसायचं राहिलं बाजूला, सारं गाव टाचा उंचावून पाहू लागलं! पाटलांची विडी ओठातून गळाली. गोमाजींनी तोंड उघडलं ते मिटायचंच विसरले. त्यांनी देऊन टाकलेलं वासरू आता चांगलं शिंगं फुटलेलं धूड झालं होतं, आणि ते धूड त्यांचा काडीसारखा जवाई लेकरासारखं घेऊन तोरणाखालून चालला होता! गोऱ्हा निवांत रवंथ करत होता. पलीकडे ठेवल्याबरोबर तो डुलत डुलत चालू लागला.

"जवाई..." गोमाजींनी गोऱ्ह्याकडे बोट केलं. "हे... हे काय होय?"

"रोज उचलतो जी, मामाजी. त्याच्याबिगर तो दार वलांडत नाई."

"रोज? एकबी खाडा नाई?"

"सालभरात एकबी नाई जी."

गोमाजींचे डोळे भरून आले. हात पसरून ते पुढे झाले. कवडूनं मान वाकवली. सासरे त्याच्या अंगावरून पुढे गेले आणि त्यांनी गोऱ्ह्याच्या गळ्याला मिठी मारली.

"वा रे माह्या वाघा! सालभर खाडा नाई! पाटील, पाहून राहिले का? मानसाले जमत नाई, असा नेम या मुक्या जनावरानं पाळला!"

"तं काय जी!" पाटील गहिवरले. "आमचे बैल पाहा, कोन्या बी दारात घुसतेत. याले म्हनतेत वळन!"

सारं गाव गोऱ्ह्याच्या पाया पडू लागलं. कवडू आ वासून उभा राहिला. रुखमिणी पदर तोंडात कोंबून हसत होती का रडत होती, तेही त्याला कळेना.

आता बैल घरोघरच्या अंगणात नेऊन ओवाळायचे होते. कवडूनं गल्लीत नजर टाकली. दोन्ही बाजूंना अंगणांची दारं, आणि दारादारांत आरतीचं ताट घेतलेल्या बायका.

"चला जवाई, उचला," गोमाजी प्रेमानं म्हणाले. "आता त्याचा नेम मोडू नका."