सुरवातीक चुकलां

सेजलने सकाळी पुरं केलेलं टोपडं संध्याकाळी टोपडं राहिलं नव्हतं. मेजावर त्या जागी पिवळ्या लोकरीचा एक गुंडा होता. घट्ट, गोल आणि शेवटचं टोक व्यवस्थित आत खोचलेला.

"मांजराचां काम," तिचा नवरा सर्वेश म्हणाला. तो पेडण्याला सरकारी कचेरीत होता. कुठल्याही प्रकरणात कोणीतरी जबाबदार ठरलं की त्याच्या मनाला स्वस्थता येई.

"मांजर उसवता, समजलां. पण गुंडो करता?" सेजलने विचारलं. "आणि टोक खोचून ठेवता?"

"आमचां मांजर पयल्यापासून हुशार आसा."

टोपडं होतं सर्वेशच्या बहिणीच्या बाळासाठी. तेजस्विनीला डिचोलीला दिली होती. तिला मुलगी झाली होती आणि बारशाला टोपडं, मोजे, झबलं असं सगळं माहेरून जायचं होतं. एरवी वाड्यावर कोणाकडेही पाळणा हलला की हे विणकाम सर्वेशची आई करायची. क्रोशाची सुई वत्सलाबाईंच्या हातात इतकी वर्षं होती की ती नसली तरी बोटं हलत. पण अलीकडे त्यांना काही आठवत नसे. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग वार, मग गॅसवरचा भात आणि गेल्या चवथीपासून अधूनमधून माणसंही. म्हणून ह्या खेपेला विणकाम सुनेकडे आलं होतं.

सेजलने टोपडं पुन्हा विणलं. तेही गेलं. मग तिसऱ्यांदा विणून तिने ते कपाटात ठेवलं आणि दुपारी झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली. थोड्या वेळाने वत्सलाबाई पाय न वाजवता आल्या. त्यांनी कपाट उघडलं, टोपडं घेतलं आणि उजेडाला जनेलापाशी, खिडकीत बसल्या. क्रोशाकामातली शेवटची गाठ सहज सापडत नाही. त्यांना ती बोटांनीच सापडली. मग एकेक ओळ सुटत गेली. तांदूळ निवडायला बसलेल्या बाईसारखा त्यांचा चेहरा शांत होता. सेजलला ओरडायचं होतं, पण सासूच्या तोंडावर इतकं समाधान तिने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"आई, काय करतास तुमी?"

"चुकलां गो हां," वत्सलाबाई म्हणाल्या. "एक खांबाचो टाको चुकलो. उसवून परत करूक व्हया."

"खंय चुकलो?"

"सुरवातीक."

सुरुवातीलाच चुकलेलं असल्यावर टोपडं वाचण्याची काही आशाच नव्हती.

म्हापशाच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, हात गुंतलेले राहू देत, तेवढंच बरं. सर्वेश त्याच शुक्रवारी बाजारातून तीन जुने स्वेटर घेऊन आला. वत्सलाबाईंनी त्यांच्यावरून हात फिरवला आणि बाजूला सारले.

"मशीनचे," त्या म्हणाल्या.

त्यांना हाताचंच काम लागे. आणि वाड्यावर हाताचं जेवढं काम होतं ते सगळं त्यांचंच होतं. आयुष्यभर त्यांनी लोकांना दुसरं काही दिलंच नव्हतं. लग्नाला टीव्हीचं झाकण, वास्तुशांतीला फ्रीजचं, नवीन टेलिफोनला टेलिफोनचं. टेलिफोन गेले, टीव्ही पातळ होऊन भिंतीवर चढले, पण झाकणं कुणाला टाकवली नव्हती. वत्सलाबाई आता घरोघरी जाऊ लागल्या.

शेजारच्या गोकुळदासकडे त्या चहाला बसल्या आणि कप रिकामा होईपर्यंत फ्रीजचं झाकण अर्धं उसवून झालं. गोकुळदासची बायको भाग्यलक्ष्मी समोर बसून बघत होती. तिने फक्त पावाची बशी पुढे सरकवली.

"तुमी आईक अडवलास कित्याक नाय?" सेजलने नंतर विचारलं.

"अडवू कशी? तिणाच दिलेलां, तीच न्हेता. आणि कितकी खूश होती गो!"

इथवर सगळं वाड्यातल्या वाड्यात चाललं होतं. सोमवारच्या भजनात मात्र ते चव्हाट्यावर आलं. भजनी मंडळाचे पेटीमास्तर भिकाजी यांच्या पेटीलाही वत्सलाबाईंनी केलेलं झाकण होतं. भिकाजींनी ते काढून पाठीमागे ठेवलं. पाठीमागे वत्सलाबाई बसल्या होत्या. चार अभंग होईपर्यंत दोरा भिकाजींच्या मांडीखालून टाळवाल्याच्या पायातून तबल्याला वेढा घालून आला होता. आरतीला सगळे एकदम उभे राहिले. भिकाजी उठले ते अर्धेच उठले, टाळवाला त्यांच्या अंगावर आला आणि तबला गडगडत देवळाच्या पायऱ्या उतरून गेला. समई तेवढी वाचली. त्या गोंधळात वत्सलाबाई एकसारख्या सांगत होत्या, "हळू, हळू! दोरो तुटतलो!"

लोक हसले. वाईट मनाने कोणी हसलं नव्हतं, पण सर्वेशच्या ते जिव्हारी लागलं. ह्याच देवळात त्याची आई बायकांना ओळीने बसवून तोरणं करायला शिकवायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना त्याने दाराला बाहेरून कडी घातली. सेजल आत होती. दिवसभर वत्सलाबाई जनेलाचे गज धरून उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिल्या, "माका घराक कोण न्हेतलो रे?"

संध्याकाळी सर्वेश परतला तर पायरीवर भिकाजी बसले होते. त्यांच्या मांडीवर उरलेलं झाकण होतं.

"मास्तर, माका माफ करा," सर्वेश म्हणाला. "मी तुमका नवां हाडून दितंय."

"नवां नको. ह्या अर्ध्याचां मी काय करू, तां सांग. पेटयेक पुरणा नाय, नाक पुसूक मोठां जाता. वत्सलाबायक सांग, हां काम पुरां कर." आणि कडीकडे न बघता ते म्हणाले, "ती कडी काढ आदी. गंजल्या ती. हाताक लागतली."

कडी निघाली. पुन्हा घातली गेली नाही.

बारशाच्या दिवशी सर्वेशने एकदाच विषय काढून पाहिला. "आईक भाग्यलक्ष्मीकडे ठेवया?"

"नातीचां बारसां आणि आजी शेजाऱ्याकडे?" सेजल म्हणाली, आणि विषय मिटला. तिने चौथ्यांदा विणलेलं टोपडं, मोजे आणि झबलं स्टीलच्या डब्यात घातलं, डब्याचं झाकण घट्ट बसवलं आणि डिचोलीला पोचेपर्यंत डबा मांडीवर ठेवला.

तिने सगळ्याचा विचार केला होता, एका गोष्टीचा सोडून. तेजस्विनी जन्मली तेव्हा वत्सलाबाईंनी तिच्यासाठी पांढरं दुपटं विणलं होतं. ते तेजस्विनीने डांबरगोळ्यांत जपून ठेवलं होतं आणि आज लेकीखाली अंथरलं होतं. आजीला मानाने पाळण्याजवळ बसवलं. बायका पाळणा म्हणू लागल्या. बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देत होत्या, गोविंद घ्या, गोपाळ घ्या चाललं होतं. बाळ परत पाळण्यात ठेवायला वाकलेली तेजस्विनी तशीच थांबली. पाळण्यात नुसती गादी होती.

"आई!" ती किंचाळली. "तां माझां! माझां दुपटां तां!"

गाणं थांबलं. वत्सलाबाई दचकल्या. त्यांच्या मांडीवर तळहाताएवढा पांढरा चौकोन उरला होता आणि पायाशी दोऱ्याचा ढीग. सेजल पुढे धावली, पण आता वाचवण्यासारखं काही नव्हतं.

"चुकलां गो बाय," वत्सलाबाई परक्या बाईला सांगावं तसं घाबरून म्हणाल्या. "सुरवातीक चुकलां."

"कायएक चुकूक नाय, आई. सगळां बरां होतां." तेजस्विनी भरजरी साडीत तशीच जमिनीवर बसली आणि आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडू लागली. आपल्याला ओळखलं नाही म्हणून ती रडत होती की दुपट्यासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं.

वत्सलाबाईंनी थोडा वेळ तिच्या केसांवरून हात फिरवला. मग दोऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं. "रडतंस कित्याक? हां धर. गुंतलो तर सुटाचो नाय."

तेजस्विनीने डोळे पुसले आणि टोक धरलं. आई उसवत होती, लेक गुंडाळत होती. तेजस्विनीचा नवरा पंगत वाढली म्हणून सांगायला आला आणि दारातूनच परत गेला. जेवणं बरीच उशिरा झाली.

निघताना तेजस्विनीने पांढरा गुंडा सेजलच्या हातात ठेवला. "वैनी, ह्याचां कायतरी कर."

सेजल दुपारची जनेलापाशी बसून दुपटं विणू लागली. एकदा वत्सलाबाई येऊन समोरच्या खुर्चीवर बसल्या. दोऱ्याला त्यांनी हात लावला नाही. बराच वेळ सुईकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी विचारलं,

"कोणाची गो तू?"

सेजलची सुई थांबली. लोकांच्या बाबतीत हा प्रश्न तिने अनेकदा ऐकला होता. तिला तो पहिल्यांदाच आला होता.

"हयचीच," ती म्हणाली. "वाड्यावयली."

"हात बरो आसा तुझो. कोणी शिकवल्यान?"

"सासयेन."

"बरी आसतली सासू."

"बरी आसा. पण मातशी कडक."

वत्सलाबाई तोंडावर पदर घेऊन हसल्या. मग इकडेतिकडे बघून खुर्ची पुढे ओढून घेतली. "माझी पण सून आसा. सेजल म्हणान. तिका मीच शिकवलंय. माझ्यापेक्षा बरां करता ती."

"खरां?"

"देवाशपथ. माझो हात असो कधी बसूक नाय." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "पण तिका सांगा नको हां. डोक्यार बसतली."

"नाय सांगणंय," सेजल म्हणाली आणि मान खाली घालून विणू लागली. डोळे भरून आल्यामुळे तिला टाके दिसत नव्हते. अंदाजाने सुई घालत ती ओळ पुढे नेत राहिली.

वत्सलाबाई वाकल्या. "हय चुकलां," त्या म्हणाल्या.

सेजलने डोळे पुसून पाहिलं. एक खांब खरंच सुटला होता. तिने सुई काढून घेतली आणि दोरा सासूच्या हातात दिला.