पसंतीवर आणलेले तीन लॅपटॉप

लॅपटॉप घ्यायला शिक्षण लागत नाही, नजर लागते, असं दिनानाथने शनिवारी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं. आणि नजर तर त्याची पहिल्यापासून पक्की! सगळ्या भुईगावात त्याच्याइतकी पारख कोणाला होती? घरातला फ्रिज त्याने निवडला होता. शिलाई मशीन त्याने निवडलं होतं. विहिरीवरचा पंपसुद्धा त्यानेच!

खरं म्हणजे हे सगळं निवडलं होतं मीराने. दिनानाथने फक्त उचलून आणलं होतं. पण खरं काय ते सांगायला मीरा आता नव्हती. गेल्या दिवाळीच्या आधीच ती गेली.

"स्वप्ना, बोल, कसला घ्यायचा?" दिनानाथने विचारलं. "पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचंय तुला. इंजिनिअरिंगची पोरगी तू!"

"कसलाही चालेल, बाबा," स्वप्नाली म्हणाली.

"अगं, पण करणार काय काय त्याच्यावर?"

"अभ्यास. आणि कधीतरी गेम."

"मग मोठा घ्यायचा की छोटा?"

"चालेल."

"मोठा की छोटा, असं विचारलं मी!"

"कुठलाही चालेल, बाबा."

झालं! पुन्हा तोच शब्द. आई गेल्यापासून पोरीच्या तोंडात दुसरा शब्द नव्हता. भाकरी करपली? चालेल. आमटीत मीठ नाही? चालेल. एकदा दिनानाथने चहात साखरेऐवजी मीठ घातलं. तिने कप रिकामा केला आणि म्हणाली, चालेल! अरे, हीच ती पोरगी, जिने लहानपणी एका रिबिनीसाठी आईला सगळा बाजार फिरवला होता! वसईच्या जत्रेतला बांगडीवाला तिला लांबून बघितलं की पेटी बंद करायचा! मायलेकी दुकानात शिरल्या की दुकानदार आधी पाणी प्यायचा.

दिनानाथला लॅपटॉप घ्यायचा होताच. पण त्याहून जास्त त्याला पोरीच्या तोंडून एकदा "नको" ऐकायचं होतं. पुण्याला जायच्या आधी. एकदाच.

म्हणून त्याने बेत केला. बेत असा होता की मीराने तो बघितला असता तर तिनेही मान डोलावली असती.

नाक्यावर कॉन्रॅडचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. कॉन्रॅड म्हणजे शेजारच्या पॉलिनबाईंचा मुलगा. दिनानाथला बघताच तो उठला आणि रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड असं बरंच काही बोलला. दिनानाथने शाळेच्या ऑफिसात वीस-पंचवीस वर्षं कारकुनी केली होती. न समजता मान हलवणं त्याला उत्तम जमायचं.

"बरं," तो म्हणाला. "तो काळा, तो पांढरा आणि तो लाल. तिन्ही बांध. घरी नेतो."

"तिन्ही?" कॉन्रॅडचे डोळे चमकले. "तिन्ही घेताय, अंकल?"

"घेतोय कुठे? नेतोय. पसंतीवर."

कॉन्रॅडचे डोळे विझले. "अंकल, लॅपटॉप पसंतीवर देत नाहीत!"

"का? साड्या देतात की!"

देतातच. ओळखीच्या घरी कापडवाला साड्यांचं गाठोडं बांधून द्यायचा. आळीतल्या बायका ओटीवर जमायच्या, एक साडी ठरायची, बाकीच्या दुसऱ्या दिवशी परत. अट एकच, घडी मोडायची नाही. साडी अंगाला लावून बघा, नेसू नका. मीराने लग्नाच्या साडीपासून सगळ्या साड्या अशाच घेतल्या होत्या.

"अंकल, साडी वेगळी! ह्याला वॉरंटी असते!"

"साडीला तीही नसते. तरी तो बिचारा देतो."

 कॉन्रॅडने आईला फोन लावला. फोनमधून पॉलिनबाईंचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला. "कोन्या, मीराच्या घरी जातायत ना? मग दे गुमान! चर्चमधल्या तुझ्या पहिल्या कम्युनियनचा कोट कोणी शिवला होता? तेव्हा ती बोलली का, वॉरंटी आण?"

कॉन्रॅडने फोन ठेवला आणि सुतळी शोधायला लागला.

"उद्या रविवारचा मिस्सा संपला की मी दुकान उघडणार," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "तेव्हा दोन परत पाहिजेत. वरचं प्लास्टिक काढायचं नाही. खाणंपिणं लांब. आणि प्लीज, अंकल..."

"घडी मोडणार नाही," दिनानाथ म्हणाला. "शब्द!"

रिक्षात ते तीन खोके त्याने मांडीवर असे धरले, जसं काही एकदम तिळं झालं होतं.

घरी पोचला तर धोंडूमावशी दारातच. धोंडूबाई म्हणजे आळीतली सगळ्यात म्हातारी बाई. मोगऱ्याची वाडी एकटी सांभाळायची, आणि आळीत कोणाकडे काय आलं हे माल उतरायच्या आत तिला कळायचं.

"काय आनलंस रं, दिना?"

"पसंतीवर आणलेत, मावशी. स्वप्नासाठी."

"पसंतीवर?" बस्स! तेवढा शब्द पुरला. मीरा गेल्यापासून त्या ओटीवर पसंतीचं गाठोडं सुटलं नव्हतं. मावशीने हाक मारली आणि बघता बघता चटई पसरली गेली. पॉलिनबाई आल्या, त्यांच्यामागून आळीतल्या बाकीच्या बायका आल्या. सगळ्या हात धुऊन, पदराला पुसून बसल्या. मधे तीन लॅपटॉप.

मावशीने काळा उचलला. झाकणाची कड अंगठा आणि बोट यांच्यात धरून चोळली.

"पोत बरा हाय. रंग जाईल काय?"

"नाही जात, मावशी," दिनानाथ ऐटीत म्हणाला. जसा काही त्यानेच रंगवला होता.

"उलटी बाजू दाव. खरा माल उलट्या बाजूनं कळतो." लॅपटॉप पालथा झाला. मावशीने तोंड वाकडं केलं. "ही बग! नुस्ती भोकं! कसरीनं खाल्लाय!"

"मला तर लालच आवडला," पॉलिनबाई म्हणाल्या. "पोरीच्या रंगावर खुलेल. ये गं बाय, इकडे ये, आरशासमोर!"

आणि खरंच त्यांनी स्वप्नालीला आरशासमोर उभं केलं! लाल लॅपटॉप उघडून तिच्या खांद्यावर धरला. पडदा मागे पाठीवर, बटणं पुढे. सगळ्या माना तिरप्या करून बघायला लागल्या.

"छान दिसतो!"

"पांढरा लावून बघा."

"पांढरा नको, मळेल!"

स्वप्नालीने आरशात बघितलं आणि म्हणाली, "चालेल."

काळा लावला. "चालेल." पांढरा लावला. "हाही चालेल."

दिनानाथचा चेहरा पडला. सगळी आळी पसंती करत होती, जिच्यासाठी करायची ती सोडून!

तेवढ्यात विरारहून शत्रुघ्न आला. मीराचा धाकटा भाऊ. ऑफिसात त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, त्यामुळे या विषयातलं त्याला सगळं कळत होतं.

"भावोजी, लॅपटॉप असा बघतात होय?" तो कपाळावर हात मारून म्हणाला. "गेम टाकून बघायचा! जो गेम ओढतो तो अभ्यास झोपेत ओढेल!" आणि त्याने खिशातून मोटारींच्या शर्यतीची सीडी काढली.

"घडी मोडेल रे!" दिनानाथ ओरडला.

"एकदा लावून बघायला काय होतंय?"

काय होतंय? सीडी आळीपाळीने तिन्हींत चढली आणि तीन लॅपटॉपवर तीन मोटारी सुटल्या! असा आवाज झाला की आवारातल्या कोंबड्या थेट केळींवर चढल्या. शत्रुघ्न काळ्यावर, पॉलिनबाई पांढऱ्यावर, आणि लालवर धोंडूमावशी! पहिल्या वळणावर मावशीने भिंत फोडली. दुसऱ्यावर पोलिसाची गाडी उलटी केली. तिसऱ्या वळणापर्यंत तिला मजा यायला लागली होती.

"मावशी, ब्रेक! ब्रेक दाबा!"

"ब्रेक कशाला? मी काय थांबायला आले काय?"

आणि लाईट गेली.

दिवेलागणीला लाईट जायची आळीला सवय होती. पण या वेळी सगळी आळी अंधारात गेली आणि तीन मोटारी धावतच राहिल्या! बायकांनी तोंडाला पदर लावले.

"अगं बाई! लाईट नाय तरी चालतोय!"

"कंदील घ्यायला नको!"

पडद्यांच्या त्या उजेडात जो गोंधळ झाला तो दिनानाथला नीट दिसला नाही. त्याला फक्त एवढं दिसलं की काळा थोड्या वेळात धाप लागल्यासारखा झाला आणि बंद पडला. मावशी पहिली आली! टाळ्या पडल्या! कोणीतरी म्हणालं, "मग ठरलं, लाल!" कोणीतरी म्हणालं, "ठरलं तर हळदकुंकू लावा." आणि अंधारात कोणीतरी देवघराकडे गेलं.

लाईट आली.

लाल लॅपटॉपच्या झाकणावरचं प्लास्टिक निघालं होतं. "धूळ बसते ना त्याच्यावर," पॉलिनबाई म्हणाल्या. पडद्याच्या वरच्या कडेला कॅमेऱ्याचा बारीक डोळा होता. त्यावर टपोरं हळदकुंकू!

"मावशी, हे काय केलंत?"

"मंग कुठं लावू? तेवढंच कपाल दिसलं मला."

आणि बटणांवर अक्षता! ओंजळभर! दिनानाथने फुंकर मारली तशा त्या आणखी आत गेल्या. ओल्या फडक्याने कुंकू पुसायला गेला तसं ते पडद्यावर पसरलं. घडी मोडली नव्हती. घडीचा पार चुरा झाला होता!

"भावोजी, लाल काय घेताय? काळाच घ्या," शत्रुघ्न म्हणाला. "मर्दानी मशीन आहे."

"पांढरा सोबर आहे," पॉलिनबाई म्हणाल्या.

"कुंकू लागल्यावर परत करतात काय कधी?" मावशी कडाडली. "लागलं कपालाला, झालं!"

दिनानाथने कपाळावरचा घाम पुसला. "ठरलं! लाल! स्वप्ना, चालेल ना?"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. शत्रुघ्न तर सीडी काढायलाही लागला होता.

"नाही चालणार!"

सीडी त्याच्या हातातून पडली.

"नाही चालणार!" स्वप्नाली उभी राहिली. "लालला ग्राफिक्स कार्डच नाही. मावशीची गाडी भिंतीतून आरपार जात होती, बघितलं नाही कोणी? काळ्याची बॅटरी लाईट यायच्या आत मेली. आणि तो काय वजनाचा आहे! तो घेऊन मी हॉस्टेलचे जिने चढू की व्यायामशाळेत जाऊ? पांढऱ्याची मेमरी अर्धी आहे, खोक्यावर लिहिलंय! मला ड्रॉइंगची सॉफ्टवेअरं चालवायचीत. आणि मामा, मी मोटारीचे गेम खेळत नाही, मी बुद्धिबळ खेळते! मला कोणी विचारलं?"

"मी विचारलं होतं..." दिनानाथ पुटपुटला. पण त्याचा चेहरा! लॉटरी लागल्यावर माणसाचा होतो तसा! "अजून? अजून काय काय नाही चालणार?"

"आमटी!" ती रडत होती की चिडली होती ते कळेना. "तुमची आमटी नाही चालणार, बाबा! इतके महिने गिळतेय! आणि आई असती ना, तर तिने हे तिन्ही दुकानातूनच परत केले असते!"

 आई असती तर, हे शब्द त्या घरात आज पहिल्यांदा मोठ्याने बोलले गेले होते. पॉलिनबाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. पुसून झाला तरी पुसत बसल्या.

"दुकानातूनच कशाला?" धोंडूमावशी नाक ओढून म्हणाली. "मीरा रस्त्यावरनंच माघारी वलली असती."

आणि सगळ्यात आधी हसली ती स्वप्नाली.

दुसऱ्या दिवशी मिस्सा संपल्यावर ती स्वतः बापाला घेऊन दुकानात गेली. दिनानाथ स्टुलावर बसला आणि नुसता बघत राहिला. हा नको. ह्याची बटणं कडक आहेत. ह्याचा पंखा वाजतो. वरचा काढा. नाही, त्याच्या मागचा. कॉन्रॅड आधी पाणी प्यायला, मग त्याने पंखा लावला, मग गोदामाची किल्ली काढली. शेवटी एक करडा, साधा दिसणारा लॅपटॉप तिने चार वेळा उघडून मिटून बघितला. "हा," ती म्हणाली.

"अंकल," कॉन्रॅड रुमालाने मान पुसत हळूच म्हणाला, "मम्मी मला कापडाच्या दुकानात न्यायची ना, मीराआंटीबरोबर... तसंच वाटलं आज."

दिनानाथची छाती इंचभर फुगली. ती खाली बसवायला कॉन्रॅडने लाल लॅपटॉप पुढे ओढला. उलटा केला. खळखळ वाजला.

"घडी मोडली, अंकल."

दिनानाथने पोरीकडे बघितलं. पोरीने छताकडे बघितलं.

"मग हा तुम्हीच ठेवणार?" कॉन्रॅडने विचारलं.

"चालेल," दिनानाथ म्हणाला.

आता स्वप्नाली पुण्याला असते. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. मेसची भाजी असली, चपात्या तसल्या, खोलीतली मुलगी घोरते, काही म्हणजे काही चालणार नाही! दिनानाथ फोन कानाला लावून सगळं ऐकतो आणि मधे मधे "अजून?" म्हणतो.

फोन ठेवला की धोंडूमावशी ओटीवर हजर. "दिना, काढ गाडी!" मग लाल लॅपटॉपवर शर्यत सुरू होते, आधी तिची पाळी, मग त्याची. आजपर्यंत तो एकदाही जिंकलेला नाही. त्याचं म्हणणं असं, की डावीकडे वळायच्या बटणाखाली तांदळाचा दाणा अडकलाय, त्यामुळे गाडी उजवीकडेच वळते. पारख त्याची पक्की आहे. दोष दाण्याचा!

फक्त एकच गोष्ट त्याला अजून कळलेली नाही. मावशी त्याच बटणाने डावीकडे कशी वळते?