मागं माणूस हाय

आमच्या शेजारचे बसप्पाकाका जीप चालवतात तेव्हा मागे एक जाड दोरी फरफटत असते. तिला काहीही बांधलेलं नसतं. तरी वळण आलं की काका हात बाहेर काढून ओरडतात, "हळू रे, मागं माणूस हाय!" रिक्षावाले करकचून ब्रेक मारतात आणि बघतात, तर दोरी, धूळ आणि सोलापूरचं ऊन. काहींनी म्हणे आमच्या गल्लीतलं भाडं घेणंच सोडलं. मला मात्र हा खेळ भलताच आवडायचा.

बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणं हा काकांचा धंदा. इंजिनांबद्दल त्यांची मतं ठाम. "पेट्रोल पळाया बेस. पण मागं वजन लावलं की नुसतं किंचाळतंय आन् क्लच जाळतंय. डिझेल बैल हाय. हळू चालंल, पण पयल्याच पावलाला वडतंय की!"

ओढल्या जाणाऱ्या गाडीचं स्टिअरिंग धरायला कुणीतरी लागतंच. ते काम गंगाकाकींचं. मैंदर्गीची बाई, पदर खोचून टेम्पोसुद्धा सांभाळायची. त्या वारल्या आणि दोरी रिकामी फिरू लागली.

यंदा त्यांच्या मुलानं, सिद्धूनं, इलेक्ट्रिक पिकअप आणली आणि जीपला परस्पर गिऱ्हाईक ठरवलं. "अप्पा, हिची ताकद बघा. जाग्यावरनंच सगळा जोर!"

परीक्षेसाठी मागे माझी बंद मोटार जुंपली, आत मी, पिकअपवर काका. काय सांगू! आवाज नाही, हिसका नाही. माझी गाडी आपली आपण कुणाच्या तरी मागे निघाल्यासारखी सरकू लागली. चौकात पिकअप थांबली. काका धावत आले, काचेतून हात घालून त्यांनी माझा खांदा चाचपला.

"हायसा व्हय?"

"मग कुठं जाणार?"

"हिचा आवाजच न्हाय वो. मागं माणूस हाय का न्हाय, कळंचना."

तोंड पांढरं पडलं होतं त्यांचं. जीप गेली तर काय जाणार, ते तेव्हा मला पुरतं कळलं नव्हतं.

रविवारी भर दुपारी जीप पोचवायला निघालो. काकांच्या शेजारी मी, मागे सिद्धू. त्याच्याही मागे दोरी.

"काका, आज तरी काढायची होती."

"बसा गप." गाव मागे पडल्यावर म्हणाले, "तुमच्या काकीला तान लागली की ती बिरेकवर जरासा पाय ठिवायची. हितं इंजनाचा आवाज बसायचा. मी थांबायचो. हाक मारायची येळ कदी आलीच न्हाय."

रस्ता सपाट, सुनसान. झाडाचं पान हलत नव्हतं. आणि इंजिनाचा आवाज बसला. घर्रर्र... जीप जड झाली, मागून कुणी अलगद धरल्यासारखी.

"अप्पा, गिअर पाडा, लोड आलाय..." सिद्धू सवयीनं बोलून गेला.

आरशात आम्ही कुणीच पाहिलं नाही. तुम्हीही पाहिलं नसतं.

काकांनी जीप उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभी केली. मुलाकडे बघायचा त्यांना धीर होईना. रसवाल्यानं आम्हाला मोजलं. "तीन करू?"

सिद्धू खाली उतरला. हूकला अडकवलेल्या दोरीची गाठ हातानं घट्ट केली.

"चार," तो म्हणाला. "एक बिनबर्फाचा कर. आईचे दात ठणकत्यात."